उंबरवाडीचे तेरा पूल

"आवाज तुटतोय बाई! जरा मोठ्यानं बोला!"

जानकू भवारी टेकाडावरच्या कातळावर एका पायावर उभा राहून फोनमध्ये ओरडत होता. दुसरा पाय टेकला की रेंज जाते, असा उंबरवाडीचा पक्का समज होता आणि जानकू काही वाडीबाहेरचा नव्हता.

"मी वैजयंती... सरकारी दवाखान्यातून, लॅबमधून..." पलीकडचा आवाज येत-जात होता. "उद्या सकाळी तुमच्या वाडीत... पूल करायचाय..."

"काय करायचंय?"

"पूल! पूल! शंभर टक्के माणसं हजर ठेवा... आधारकार्ड घेऊन... मागच्या वेळेसारखं..."

एवढ्यावर फोन गेला. जानकूनं उरलेला पाय खाली टेकला. मग तो कातळावर बसलाच. साठीला टेकलेला माणूस, गालावर पांढरे खुंट, आणि डोळ्यांत चक्क पाणी. एकतीस वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली, तो शब्द आज सरकारनं स्वतः फोन करून त्याच्या कानात घातला होता. तोही तीन वेळा.

उंबरवाडी आहुप्याच्या अलीकडच्या डोंगरात आहे. चौदा घरं, त्रेसष्ट माणसं, भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी-वरई, आणि जंगलात हिरड्याची झाडं. डांबरी रस्ता समोर दिसतो. मध्ये ओढा आहे. आठ महिने तो शेळीही ओलांडते आणि पावसाचे चार महिने तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही. जानकूच्या बापाचं तर नाहीच ऐकलं. तापानं फणफणलेल्या म्हाताऱ्याला डोलीत घालून चौघांनी काठावर आणलं, पाणी उतरायची दोन दिवस वाट पाहिली, आणि पाणी उतरलं तेव्हा डोली पलीकडे न जाता घरी परत आली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी जानकूनं पुलासाठी पहिला अर्ज लिहिला. सातवी पास, अक्षर मोत्यासारखं. त्यानंतर आजवर सत्तेचाळीस अर्ज झाले. उत्तरही नेमानं यायचं की, आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवण्यात आला आहे. पुढे म्हणजे कुठे, हे कोणाला ठाऊक नव्हतं. शेजारच्या दादाभाऊचं म्हणणं असं, की पुढे पुढे जात पहिला अर्ज एव्हाना हिमालयाला लागला असेल. जानकू मात्र दर दिवाळीला सांगायचा, औंदा पूल येतोय. शेवटी वाडीत तो वाक्प्रचारच होऊन बसला. एखाद्याचं लग्न जमत नसलं की बाया म्हणायच्या, "त्येचं लगीन म्हंजी जानकूचा पूल."

असा हा जानकू त्या दिवशी टेकाड उतरून घरी आला तो धावतच.

"पूल मंजूर झाला!"

त्याची बायको झुंबरबाई नाचणी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "कोन म्हनलं?"

"सरकारी बाई व्हत्या. फोन केला त्यांनी. उद्या येत्यात."

"ह्या करोनात लोकं घराभाईर पडंना झाल्यात, आन सरकार पूल बांधाय निगालंय व्हय?"

"अगं, सगळी कामं बंद हायेत. मानसं रिकामी बसल्यात. मंग आता न्हाई बांधायचा तर कवा बांधायचा?"

झुंबरबाईनं सुपातली नाचणी जरा जोरात उडवली.

जानकू चौदा घरं फिरला. सरकारी माणूस म्हटलं की वाडी जंगलात पळायची, हे त्याला माहीत होतं. महिन्याभरापूर्वी दवाखान्याची माणसं तपासणीला आली, तेव्हा त्यांना वाडीत फक्त कोंबड्या आणि बहिरी गोजरबाई एवढीच मंडळी भेटली होती. एकाला रोग निघाला की सगळं घर उचलून नेतात, अशी आवई होती. म्हणून जानकूनं प्रत्येक दारात बजावलं, ही दवाखान्याची गोष्ट नाही, ही पुलाची गोष्ट आहे.

"आन न्हाई आला तर?" दादाभाऊनं ओट्यावर पाय पसरून विचारलं. एकतीस वर्षांत एकाही अर्जावर त्यानं सही केली नव्हती. वाया जाणाऱ्या कागदावर शाई कशाला घालवायची, असं त्याचं धोरण होतं.

"येनार म्हंजी येनार."

"त्ये ऱ्हाऊंदे. न्हाई आला तर काय करशीला?"

जानकूचं रक्त तापलं. "उद्या पूल आला न्हाई, तर जल्मात परत पुलाचं नाव काढनार न्हाई. एक अर्ज करनार न्हाई. जा!"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच धस्स झालं. पण बोललेला शब्द गिळता येत नाही, आणि ओटाभर माणसांनी तो ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजयंती ओढ्याच्या पलीकडे जीपमधून उतरली, तेव्हा तिला वाटलं आपण वाट चुकलो. ती मूळची कळंबची, बारा वर्षं लॅबमध्ये नोकरी केलेली, आणि गेले सहा महिने गावोगाव लोकांच्या नाकात काड्या घालत फिरणारी. दारं लावून घेणारी गावं तिनं पाहिली होती, कुत्री सोडणारी पाहिली होती. हलगी लावून वाट पाहणारं गाव तिला पहिल्यांदाच भेटत होतं.

"भगवंतकाका, इथे लग्न आहे का कोणाचं?" तिनं बरोबरच्या शिपायाला विचारलं.

"असंल बाई. चांगलंच हाय. जेवन तरी गावंल." भगवंतनं बर्फाची पेटी डोक्यावर घेतली आणि पाण्यात पाय घातला. भादवा सरत आला होता, पाणी गुडघ्याइतकं होतं.

अलीकडे आल्यावर वैजयंतीनं तो डोक्यापासून पायापर्यंतचा पांढरा पोशाख चढवला. अख्खी वाडी श्वास रोखून बघत होती.

"ह्यो विंजिनेर असा का बांधून घेतलाय गं?" गोजरबाईनं मोठ्यानं विचारलं. बहिऱ्या माणसाची कुजबुज सगळ्यांना ऐकू जाते.

"शिमिटाची धूळ उडती ना, म्हून!" शेजारी उभ्या लंकाबाईनं तिच्या कानाशी ओरडून सांगितलं.

जानकू पुढे आला. धुतलेला सदरा, टोपी, हातात झेंडूचा हार, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कागदांचं बाड. त्यानं हार लांबूनच वैजयंतीच्या हातात दिला, कारण अंतर ठेवायचं असतं हे त्यानं रेडिओवर ऐकलं होतं.

"बरं झालं आलात बाई. आदी नारळ फोडू, मंग कामाला लागा."

"एवढी माणसं जमवलीत तुम्ही!" वैजयंतीला खरंच भरून आलं होतं. "एकूण किती जण आहात?"

"तिरसष्ट. तान्ही पोरं धरून."

तिनं वही उघडली. "म्हणजे पाच-पाच जणांचा एक पूल. बारा पूल झाले, आणि उरलेल्या तिघांचा मिळून तेरावा. तेरा पूल."

हलगी थांबली.

"तेरा?" जानकूनं विचारलं.

"तेरा. आणि सगळे आजच करायचेत. संध्याकाळच्या आत पेटी पोचली पाहिजे."

जानकूनं हात जोडले. "बाई, आमी एकच मागितला व्हता वो."

आतापर्यंत मागे उभं राहून मजा बघणारा दादाभाऊ लगबगीनं पुढे आला. "तेरा हायेत तर मंग एक माज्या खाचराकडं टाका. मला लई वळसा पडतुया."

"आन एक टाकीपाशी!" लंकाबाई ओरडली. "बाया हंडं घिऊन पडत्यात!"

"अहो, असं कुठेही नाही टाकता येत," वैजयंती गोंधळून म्हणाली. "पूल तुमच्या नाकातून घ्यायचाय!"

दादाभाऊनं नकळत स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिला.

वैजयंतीनं हार पाहिला, नारळ पाहिला, ओढा पाहिला. मग तिला कळलं. कालचा फोन आठवला आणि पांढऱ्या पोशाखाच्या आत तिला दरदरून घाम फुटला.

भगवंतच्याही डोक्यात प्रकाश पडला होता. तो तिच्या कानाशी आला. "बाई, गप ऱ्हावा. म्हना, पुलासाठी तपासनी लागती. आदी काड्या घालून घिऊ. ही तिरसष्ट मानसं परत कवा एका जागी घावायची न्हाईत."

खोटं कशाला बोला, तिला मोह झालाच. वरून रोज विचारणा होत होती, किती झाले, किती झाले. किट कमी पडत होती, म्हणून तर पाच माणसांवर एकच किट खर्चायची ही नवी रीत निघाली होती. आणि ही अख्खी वाडी समोर उभी होती, नाकांसकट. तेवढ्यात जानकूनं काखेतलं बाड तिच्यापुढे केलं.

"समदे अर्ज हायेत. सत्तेचाळीस. मोजून घ्या बाई, काय कमी पडाय नको."

आता खोटं बोलणं तिला जमणार नव्हतं. ती त्याला जरा बाजूला, उंबराच्या झाडाखाली घेऊन गेली.

"बाबा, चूक माझी आहे. आम्ही ज्याला पूल म्हणतो तो इंग्रजी शब्द आहे. त्याचा अर्थ एकत्र करणं. मी करोनाच्या तपासणीला आलेय. ओढ्यावरच्या पुलाचं मला काहीच माहीत नाही."

जानकूनं कागदांचं बाड हळूच मागे घेतलं आणि पुन्हा काखेत धरलं.

"म्हंजी त्यो पूल... न्हाई."

"नाही बाबा."

"तुमी आत्ता सांगितलं नसतं, तर मानसांनी मुकाट नाकं म्होरं केली आसती."

"हो."

"मंग का सांगितलं?"

"तुम्ही मला अर्ज मोजायला दिलेत ना," वैजयंती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि त्या पोशाखात डोळे पुसायची सोय नव्हती.

जानकूला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त दुःख झालं. एकतीस वर्षांत एवढा आनंद त्याला एकदाही झाला नव्हता आणि तो एक दिवससुद्धा टिकला नाही. वर कालची पैज होतीच. पण ही बाई खरं बोलली होती. मग आपण तोंड लपवायचं कसं? तो दगडावर चढला आणि त्यानं वाडीला सगळं सांगून टाकलं. पूल आलेला नाही, माझी ऐकण्यात चूक झाली, ही करोनाची तपासणी आहे.

मग दादाभाऊ हसला. "जानकूचा पूल!" तो म्हणाला, आणि अख्खी वाडी हसली. हलगीवाल्यानं हलगीवर एक थाप मारली. झुंबरबाई तेवढी हसली नाही.

"कालचा शबुद ध्येनात हाय ना रं?" दादाभाऊनं विचारलं.

"हाय."

"मंग झालं तर." आणि दादाभाऊ वळला. माणसं एकेक करून डोंगराच्या बाजूला सरकायला लागली. तपासणी हा शब्द त्यांच्या कानावर आता कुठे नीट पडला होता.

"बाई," जानकू दगडावरूनच म्हणाला, "तुमचा ह्यो पूल म्हंजी करायचं काय?"

वैजयंतीनं सांगितलं. प्रत्येकाच्या नाकातली काडी त्याच्या त्याच्या नावाच्या नळीत. लॅबमध्ये पाच नळ्यांतला एकेक थेंब एकत्र करायचा आणि ते मिश्रण एकदाच तपासायचं. काही निघालं नाही, तर पाचही जण सुटले. निघालं, तर त्या पाच नळ्या पुन्हा उघडून एकेक वेगळी तपासायची.

"म्हंजी हिरडा!" जानकू म्हणाला.

"काय?"

"अवो, दलीचंदशेट हिरडा घेताना काय करतो? पाच पोत्यांतनं येक-येक मूठ काडतो, येका सुपात घेतो आन वास घेतो. चांगला असंल तर पाची पोती काट्यावर. कुबट वास आला, तर येक-येक पोतं येगळं सोडतो. त्येवडंच की न्हाई?"

"अगदी तेवढंच!" वैजयंती थक्क झाली. हेच समजवायला तिला साहेबांनी दोन तास फळ्यावर आकृत्या काढून दाखवल्या होत्या.

जाणारे पाय थांबले. हिरड्याचा व्यवहार वाडीला पाठ होता. "पन येक पोतं नासकं निगालं, तर बाकीची चार बी फेकत्यात का?" लंकाबाईनं विचारलं.

"शेट फेकतो का?" जानकूनं उलट विचारलं. "त्येवडंच येक बाजूला करतो. ह्या बी तसंच करनार. घर उचलून न्हेनार न्हाईत. काय बाई?"

"नाही नेणार. माझा शब्द आहे."

"आता ऐका," जानकू म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, म्हणून माणसं जवळ आली. "पुलाचं मी नाव काडनार न्हाई. पन वढ्याचं काडतो. आज पानी गुडघ्यायेवडं हाय. हस्ताचा पाऊस पडला की परत कमरंच्या वर जाईल. आज कळलं कुनाला रोग हाय, तर त्यो सोताच्या पायानं पल्याड जाईल. पानी चडल्यावर कळलं, तर डोली बांधाय लागंल. आन डोलीचं काय व्हतं, त्ये तुमाला ठावं हाय."

तो खाली उतरला, वैजयंतीसमोरच्या स्टुलावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि नाक वर केलं. "घाला बाई."

काडी नाकात गेली तेव्हा त्याचे डोळे पाझरले. तो उठला तर स्टुलाशेजारी दादाभाऊ उभा होता. तो कोणाकडेच बघत नव्हता.

"त्या डोलीला खांदा माजा बी व्हता," दादाभाऊ म्हणाला आणि बसला.

मग काय, रांगच लागली. झुंबरबाईला एवढी मोठी शिंक आली की भगवंत पेटीवर आदळला. गोजरबाईला दात तपासायला आलेत असं वाटलं. तिनं नाकाऐवजी तोंड उघडलं आणि उरलेले चार दात अभिमानानं दाखवले. लंकाबाईनं, "माजी नळी दादाभाऊच्या नळीशी लावू नगा, तंबाकूचा वास लागंल," असं बजावलं. पण ओळीनं पाच म्हणजे ओळीनं पाच. जानकू, दादाभाऊ, झुंबरबाई, गोजरबाई आणि लंकाबाई हा पहिला पूल झाला. दुपारपर्यंत तेराही झाले. नारळ आणलाच होता, तो फोडला. वैजयंतीनं वहीत एकेका पुलाची एकेक ओळ भरली आणि खाली लिहिलं: उंबरवाडी, लोकसंख्या त्रेसष्ट, पूल तेरा, काम पूर्ण.

तिसऱ्या दिवशी जानकू पुन्हा कातळावर एका पायावर उभा होता.

"बारा पूल चांगले आहेत बाबा," वैजयंतीचा आवाज आला. "पण एक नंबरचा पॉझिटिव्ह आलाय. उद्या पाचही नळ्या वेगळ्या तपासते. तोवर तुम्ही पाच जण घरातच थांबा."

तो एक दिवस पाचही पोती एकमेकांपासून लांब, आपापल्या ठिकाणी वास घेत बसली. करोनात वास जातो असं सगळ्यांनी ऐकलं होतं. झुंबरबाईनं पडवीत बसून लसूण, हिंग, रॉकेल आणि शेवटी शेण हुंगून पाहिलं आणि सगळं येतंय म्हणून सुस्कारा सोडला. जानकू आत होता. आपलंच निघालं तर बरं, असं त्याला सारखं वाटत होतं. त्यानंच सगळ्यांना स्टुलावर बसवलं होतं.

निघालं दादाभाऊचं. त्याला लसणाचा वास येत नव्हता, पण ते तो कबूल करत नव्हता. गमछा नाकाला बांधून, कपड्यांची पिशवी डोक्यावर घेऊन तो ओढ्यात उतरला आणि कोणाचा हात न धरता पलीकडे गेला. जीपमध्ये चढताना त्यानं एकदा मागे वळून पाहिलं. अलीकडच्या काठावर अख्खी वाडी उभी होती. दुसऱ्या दिवशी हस्ताचा पाऊस लागला आणि ओढा नऊ दिवस कोणाला पाय टाकू देईना. त्या नवांतले तीन दिवस दादाभाऊ ऑक्सिजनवर होता.

अठराव्या दिवशी तो परतला तो चांगला गुबगुबीत होऊन. "रोज दोन अंडी देत्यात राव," त्यानं ओट्यावर बसून सांगितलं. "गादी बी जाड. निस्ता दवाखाना म्हना की पावनचार." बराच वेळ तो असं काहीबाही बोलत राहिला. उठताना जानकूच्या खांद्यावर हात ठेवला. "डाक्टर म्हनला, दोन दिस उशीर झाला असता तर आवघड व्हतं." एवढं बोलून तो गेला.

पण जानकूनं शब्द पाळला. दिवाळी आली, अठ्ठेचाळिसावा अर्ज गेला नाही. बाड आढ्याला टांगलं गेलं. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. झुंबरबाईला हे बघवेना. एकतीस वर्षं तिनं त्या अर्जांचा राग राग केला होता. एका संध्याकाळी ती म्हणाली, "अवं, येक तरी अर्ज लिवा की. माज्यासाटी. कुनाला कळनार हाय?"

"मला कळंल," जानकू म्हणाला.

आणि कार्तिकात पत्र आलं. सत्तेचाळिसाव्या अर्जाचं उत्तर. कुठल्याशा कचेरीतल्या कुठल्याशा टेबलावर दवाखान्याच्या कामाचा तक्ता फिरत फिरत पोचला होता. जानकूनं ओट्यावर उभं राहून ते मोठ्यानं वाचलं.

"आपल्या मागणीच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, प्राप्त अहवालानुसार मौजे उंबरवाडी येथे एकूण तेरा पूल पूर्ण झालेले आहेत. सबब नवीन पुलाची आवश्यकता दिसून येत नाही. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे."

लंकाबाई हसून हसून जमिनीवर बसली. गोजरबाईला तीनदा ओरडून सांगावं लागलं, आणि मग ती सगळ्यांचं हसून झाल्यावर एकटीच हसत राहिली. जानकू पत्राकडे पाहत होता. एकतीस वर्षं सरकारनं त्याला नाही म्हटलं नव्हतं. पुढे पाठवत होते, पण नाही म्हटलं नव्हतं. आता निकाल लागला होता.

"आण हिकडं," दादाभाऊ म्हणाला. त्यानं पत्र घेतलं, लांब धरून पुन्हा वाचलं आणि घसा खाकरला. "पैज काय व्हती? उद्या पूल आला न्हाई, तर नाव काडनार न्हाई. बराबर? आता ह्यो सरकारी कागद काय म्हनतोय? पूल आले. येक न्हाई, तेरा आले. शिक्का हाय खाली. म्हंजी पैज तू जितलास."

"आरं, पन खरंतर..."

"सरकारपरीस तुला जास्त कळतं व्हय रं? जितलास म्हंजी जितलास. लिव अर्ज. पयली सही माजी."

त्या दिवशी जानकू एक भाकरी जास्त जेवला आणि झुंबरबाईनं ती मोजली नाही.

अर्ज लिहायचा तर होता, पण तेरा पूल असलेल्या वाडीनं चौदावा मागायचा कसा? या पेचात आठवडा गेला. मग वैजयंती फेरतपासणीला आली. ओढा आता घोट्याइतका होता. जानकूनं तिला गुळाचा चहा दिला आणि पत्र दाखवलं. ती वाचत गेली तशी लाल होत गेली.

"बाबा, हे माझ्या वहीमुळे झालं. मीच लिहिलं होतं, पूल तेरा, काम पूर्ण."

"तुमी काय खोटं लिवलं न्हाई बाई. दादाभाऊ पल्याड गेला की."

वैजयंतीनं चहा बाजूला ठेवला. ओट्यावरच बसून तिनं कचेरीला एक पत्र लिहिलं. सदर पूल हे नमुन्यांचे असून त्यांवरून माणसे, जनावरे अथवा वाहने जाऊ शकत नाहीत. सही केली, शिक्का मारला. पण तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. तिनं पिशवीतून मूळ वही काढली आणि उंबरवाडीचं पान उघडलं.

"तुमचा शब्द मी उगाच अडवून बसले," ती म्हणाली. "मराठीत त्याला साधा 'गट' म्हणता आलं असतं."

वहीत चूक सुधारायची रीत ठरलेली असते. खाडाखोड करायची नाही, एकच आडवी रेघ मारायची, वर बरोबर शब्द लिहायचा आणि शेजारी छोटी सही करायची. तिनं पहिल्या ओळीतल्या 'पूल' वर रेघ मारली, वर 'गट' लिहिलं, सही केली. मग दुसऱ्या ओळीतला. जानकू शेजारी बसून बघत होता. दादाभाऊ, लंकाबाई, झुंबरबाई सगळे वाकून बघत होते, आणि कोणीतरी हलक्या आवाजात मोजत होतं. धा. अकरा. बारा.

तेराव्यावर आणि खालच्या बेरजेतल्या 'पूल' वर रेघ पडली, तेव्हा उंबरवाडीत सरकारदरबारी एकही पूल उरला नाही. जानकूनं समाधानानं मान हलवली, कोरा कागद पुढे ओढला आणि वर उजव्या कोपऱ्यात तारीख घातली.